धरणाखाली कोण राहते?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, कॉर्डेल गावाजवळच्या क्लाउड क्रीक या ओढ्यावर १९४८ साली एक मातीचे धरण झाले. वॉशिटा नदीचा पूर तिला मिळणाऱ्या ओढ्यांवरच अडवायचा, या योजनेतले ते पहिले. आज त्या एका राज्यात अशी २,१०० हून अधिक धरणे आहेत. सिंचन हा त्यांचा हेतू नव्हे. गवताने झाकलेला भराव, पायथ्याशी थोडे पाणी आणि बाकीची जागा मुद्दाम रिकामी. पाऊस कोसळला की ती भरते, भरावाखालच्या नळातून पाणी बेताबेताने ओढ्यात उतरते आणि काही दिवसांत जागा पुन्हा मोकळी होते. त्याहून जास्त आलेले पाणी कडेच्या गवताळ सांडव्यावरून निघून जाते. ना दरवाजे, ना ते उघडायला माणूस.

अशा धरणांचे तिथे तीन वर्ग केले जातात: कमी धोक्याचे, मध्यम आणि उच्च धोक्याचे. फुटल्यावर नुसती शेते बुडणार असतील तर कमी. रस्ते, पाणीपुरवठा यांचे मोठे नुकसान होणार असेल तर मध्यम. माणसे दगावण्याची शक्यता असेल तर उच्च. भराव मजबूत आहे की खचलेला, याचा या वर्गवारीशी संबंध नाही. त्यामुळे उत्तम राखलेले धरण उच्च वर्गात असू शकते आणि गळके धरण कमी वर्गात.

सांडवा किती मोठ्या पावसाला पुरला पाहिजे, हे वर्गावर ठरते. यातली बहुतेक धरणे खाली फक्त कुरणे आणि शेते आहेत, असे धरून बांधली गेली. पुढे पूर थांबले, ओढ्याकाठची जमीन निर्धास्त वाटू लागली आणि तिथे घरे उठली. भरावातले ढेकूळही न हलता कमी धोक्याची धरणे उच्च धोक्याची झाली. धरणाने आपले काम चोख केले म्हणूनच ते अधिक धोक्याचे ठरले! घराला परवानगी देणारे वेगळे आणि धरण सांभाळणारे वेगळे, त्यामुळे हा बदल घडताना त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. सांडवा रुंद करण्याचा, भराव उंचावण्याचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीवर येतो. २००० सालच्या कायद्यानुसार अशा दुरुस्तीचा ६५ टक्के भार तिथले केंद्र सरकार उचलते. उरलेला स्थानिक संस्थांवर पडतो.

जमीनमालकाला घर बांधू नको म्हणणे सोपे नाही, न्याय्यही नसेल. पण आपण कशाच्या खाली राहायला चाललो आहोत हे त्याला कळले पाहिजे, आणि परवानगी देणाऱ्याने वाढलेल्या जबाबदारीचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न तिवरेने विचारला आहे. चिपळूण तालुक्यातले ते लहान साठ्याचे मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या भेंडवाडीची माणसे झोपेच्या वेळी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर भराव पोखरल्याचा दोष खेकड्यांना देण्यापर्यंत चर्चा घसरली. धरणाचा साठा लहान होता. त्याच्या पायथ्याशी वाडी होती, ही गोष्ट लहान नव्हती.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा धोक्यानुसार वर्गवारी करायला सांगतो खरा, पण त्याच्या कक्षेत यायला आधी उंची लागते: १५ मीटरपेक्षा जास्त, किंवा १० ते १५ मीटर आणि सोबत लांबी, साठा, पूरप्रवाह अशी एखादी अट. १० मीटरच्या आतले गावतळे, पाझर तलाव बाहेरच राहतात, मग खाली शाळा असो की वस्ती.

हा क्रम उलटा आहे. आधी खालची माणसे मोजावीत, मग भरावाची उंची. धरण फुटल्यास पाणी कुठवर येईल याचा नकाशा प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीत लागला पाहिजे आणि त्या रेषेच्या आत नवे घर मंजूर झाले की धरणाची वर्गवारी त्याच वेळी नव्याने तपासली गेली पाहिजे. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला एखादा तलाव असेल, तर येत्या ग्रामसभेत हा नकाशा मागा.