उन्हाळा कोणी वाढवला?

पाऊस लांबला की काही खेड्यांत अजूनही धोंडी निघते. पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून घरोघर त्याच्यावर पाणी ओततात. २०१४ साली गारपिटीने नाशिकच्या द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हाही देवाचा कोप म्हणणारे भेटलेच. कोप म्हटला की प्रश्न संपतो. देवाला जाब कोण विचारणार?

उलटी घाईही नको. ती एक गारपीट माणसानेच आणली, असे मी म्हणणार नाही. पण पृथ्वीचे सरासरी तापमान माणसामुळे वाढले, याला पुरावा आहे आणि तो आपण तपासला पाहिजे.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी आपण पाहिली असतील. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली झाडे. जिवंत झाडात कार्बन-१४ असतो. झाड मेल्यावर तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. कोळशात तो उरतच नाही. हान्स स्यूस यांनी १९५५ साली दाखवले, की नव्या लाकडात हा कार्बन जुन्या लाकडापेक्षा कमी भरतो. दुधात पाणी घातल्यावर दूध पातळ व्हावे, तसा हवेत गाडलेला कार्बन मिसळला होता. तो मिसळणारा हात माणसाचा.

कार्बन डायऑक्साइड उष्णता धरतो, हे टिंडाल यांनी १८५९ सालीच प्रयोगाने ओळखले. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता ४२० च्या वर आहे. मग सूर्यच जास्त तापला नसेल कशावरून? शंका रास्त आहे. पण तसे असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. मोजमाप उलटे सांगते: खाली ताप, वर गारवा. गोधडी पांघरली की ऊब आत कोंडते, तसे.

आता खरा प्रश्न. माणसाने केले, म्हणजे कोणत्या माणसाने? भारतात दरडोई सोडला जाणारा हा वायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, आणि आपल्या देशातही बंगलेवाल्याचा व झोपडीवाल्याचा वाटा सारखा नाही. एप्रिलच्या उन्हात द्राक्षाची खरड छाटणी करणाऱ्या मजूर बाईने किती कोळसा जाळला? तिला कोणी ‘नशिबाचे भोग’ म्हणून समजावू लागला, तर ती भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. भर दुपारी काम बंद, बांधावर सावली, प्यायला थंड पाणी आणि पूर्ण रोज, एवढे तिने मुकादमाकडे मागावे.