पाण्याखालचे माहेर

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब जीप करून नेऱ्याहून निघालो. पौड मागे पडले आणि मुळशीच्या धरणाच्या कडेने ताम्हिणीची वाट सुरू झाली. २०१३ साली अभयारण्य ठरलेले ते रान पावसाने न्हाले होते, कड्याकड्यांवरून धबधबे उड्या घेत होते. एका वळणावर धुके विरले आणि खाली अथांग जलाशय दिसला. मी गाडी थांबवायला लावली. "काय देखणं आहे!" असे मी म्हणालो मात्र, मागे बसलेल्या आमच्या हिच्या वृद्ध आत्याबाई हळूच म्हणाल्या,

"जावईबापू, माझ्या आईचं माहेर त्या पाण्याखाली हाय."

मी ओशाळलो. १९२१ चा मुळशी सत्याग्रह मी वर्गात दरसाल शिकवतो. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने बांधायला घेतलेले धरण, मावळातल्या ५२ गावांवर आलेले संकट, त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना दिलेली 'सेनापती' ही पदवी, सारे मला तोंडपाठ. पण फळ्यावरची ती गावे आणि समोरचे हे पाणी यांची गाठ माझ्या मनात कधी पडलीच नव्हती.

दुसऱ्याच्या दुःखावर पसरलेले सौंदर्य आपण निर्धास्तपणे भोगावे काय? पाण्याचा त्यात काय दोष, हे खरेच. मी डोळे मिटून घेतल्याने बुडालेला एकही उंबरा वर येणार नाही, हेही खरे. तेव्हा पाहावे, अवश्य पाहावे. पण ऋण मानून पाहावे. ज्याची किंमत आपण मोजली नाही, ती वस्तू फुकट मिळाली असे समजू नये.

एवढा निवाडा करून मला बरे वाटले. पण ते समाधान घरापर्यंतही टिकले नाही. परतताना हिंजवडीच्या उंच इमारतींचे दिवे दिसू लागले. त्यांच्याच ओढीने आमच्या नेऱ्याच्या जमिनींना भाव आला. गेल्या वर्षी मीही माळाचा एक तुकडा विकला. त्याच्या कडेला एका कातकरी कुटुंबाची झोपडी होती. ती कुठे गेली, हे मी विचारलेदेखील नाही. उद्या त्या जागी बाग फुलेल आणि कुणी म्हणेल, "काय देखणं आहे!"

आत्याबाईंना आईच्या बुडालेल्या गावाचे नाव तरी ठाऊक आहे. मला त्या कातकऱ्याचे नुसते नाव आठवते, आडनाव आठवत नाही. दिवाळीचा फराळ तयार आहे. पहिला डबा घेऊन त्याचा ठाव काढायला निघायचे आहे, आणि खरे सांगतो, पाय जड झाले आहेत.