ठरलेली मजुरी आणि मोबाइलमधला मालक



मगरीबची नमाज अदा करून आपण घरी येतो, मोबाइलवरून जेवण मागवतो आणि थोड्याच वेळात ते दारी येते. आणणारा तरुण कदाचित आपल्याच मोहल्ल्यातील असतो. या फेरीचे त्याला किती मिळाले, हे आपण कधी विचारले आहे काय? विचारून पाहा. दर कसा ठरतो, हे पुष्कळदा त्यालाही सांगता येत नाही. अंतर, वेळ, मागणी यांचा हिशेब संगणक करतो आणि त्या हिशेबाची रीत त्याच्यापासून झाकलेली असते.

तंत्रज्ञान वाईट आहे, असे येथे म्हणायचे नाही. ज्याच्याजवळ दुकान नाही, वशिला नाही, त्याला एका दुचाकीवर हलाल रोजी मिळू लागली, ही अल्लाहची कृपाच होय. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये भारतात असे सुमारे ७७ लाख कामगार होते. २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील, असा अंदाज आहे.

प्रश्न कराराचा आहे. सूरह अल-कससमधील प्रसंग आठवा. हजरत मूसा (अ.) मदयनला पोहोचले तेव्हा ते परके आणि निराधार होते. त्यांना कामावर ठेवणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मुदत आधीच सांगितली: आठ वर्षे, आणि दहा पूर्ण करणे सर्वस्वी मूसांच्या (अ.) मर्जीवर. मोबदलाही आधी ठरला. आपल्याला त्यांना कष्टात टाकायचे नाही, असेही ते म्हणाले. मग अल्लाहला साक्षी ठेवून करार झाला. गरजवंत कोण होता, हे उघड होते. तरी त्याच्यापासून एकही अट लपविली गेली नाही. मजुरी आधी ज्ञात असावी, ही अट फुकहांनीही घातली आहे. ज्याने काम पुरते करून घेतले आणि मजुरी दिली नाही, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसमध्ये आहे.

कंपन्या या तरुणाला ‘भागीदार’ म्हणतात. भागीदाराला हिशेबाची वही पाहता येते. याला येत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची व्याख्या केली, २०२३ मध्ये राजस्थानने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु वही अजून बंदच आहे.

‘हा कंपनीचा करार, आमचा काय संबंध?’ असे म्हणून आपण सुटत नाही. त्याला तारे देणारे आपणच आहोत. उपाहारगृहाने उशीर केला आणि आपण रागाने एक तारा त्याच्या नावावर मांडला, तर ते खोटे माप झाले. स्वतः पुरते मोजून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला कमी देणाऱ्यांविषयी सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये काय सांगितले आहे, हे आपल्या मुलांनाही पाठ असते.

आणि हे संगणकीय हिशेब लिहिणारी मुलेमुली पुण्यात, बंगळुरूत, आपल्याही घरांत आहेत. जेवणाच्या दस्तरखानावर त्यांना एकदा विचारा: तुम्ही लिहिता तो दर कामगाराला फेरी स्वीकारण्यापूर्वी दिसतो काय?