फेऱ्यांचा हिशेब

रोज सायंकाळी साडेपाचला मी आईशी खोटे बोलत असे. "चल, देवळात जाऊ," असे म्हणायचे आणि गल्लीच्या टोकापर्यंत तिला चार फेऱ्या घालायला लावायच्या. देऊळ त्या वाटेवर नाहीच. पण आईला अल्झायमर आहे. निघताना कुठे जायचे होते, हे परतताना तिच्या ध्यानात नसते. खोटे उघडे पडण्याची भीती नव्हती, म्हणूनच ते अधिक टोचे.

माझी समजूत मी औषध देतो आहे अशी होती. वर्षभर नेमाने चालणाऱ्या धडधाकट वृद्धांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित असा एक भाग किंचित वाढला, असे अमेरिकेतल्या एका प्रयोगात २०११ साली आढळले होते. त्यावर मी आशेचे इमले बांधले. फेऱ्या वहीत मांडू लागलो. "पाय दुखतात रे," ती म्हणे. "आणखी एकच," मी म्हणे.

पुढे इंग्लंडमधल्या एका प्रयोगाची हकीकत वाचनात आली. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला होता. स्मृतिभ्रंश झालेली ४९४ माणसे त्यात होती. ज्यांना कसून व्यायाम दिला, त्यांच्या अंगात ताकद आली. बुद्धीची उतरण मात्र थांबली नाही.

मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी तिला बाहेर नेलेच नाही. साडेपाचला पाहतो तो आई चपला घालून दाराशी उभी! उजवी डाव्या पायात. मला म्हणाली, "अहो, तुम्ही येताय ना?"

त्या 'अहो'ने मला माझे मन दाखवले. इतके दिवस मला तिचे चालणे हवेच कुठे होते? मला तिच्या तोंडून माझे नाव हवे होते. ते मिळत नाही म्हटल्यावर मी तिची सायंकाळ काढून घेतली होती. दिवाळीत पहाटे काढलेली रांगोळी दुपारपर्यंत विसकटते, म्हणून कुणी अंगण कोरे ठेवते का? आणि तिच्या पायांत बळ राहिले, तर तेही थोडे नाही.

आता मी "चल, फिरायला जाऊ," एवढेच म्हणतो. कधी ती येते, कधी मान हलवते. काल अर्ध्या फेरीतच पारावर बसली. मीही शेजारी बसलो. "तुमची आई वाट पाहत असेल," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. हे खोटे होते की खरे, मला ठरवता आले नाही.