माप

अब्बांचे किराणा दुकान होते. तराजूचा काटा स्थिर झाला तरी ते चार दाणे वर टाकत. "कमी गेलं तर हिशेब तिकडं द्यावा लागतो," म्हणत. कुरआनच्या ८३ व्या सूरहमध्ये, अल-मुतफ्फिफीनमध्ये, घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना सक्त इशारा आहे.

मी शिक्षक झालो; वाटले, तराजू सुटला. ३५ मिनिटांच्या तासाला पाच मिनिटे उशिरा जात राहिलो. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, गणित रोज अर्धंच राहतं." पगार मात्र मी पुरता मोजून घेत होतो.

आता घंटेआधी वर्गाच्या दारात असतो. पण शाळा सोडून गेलेल्या मुलांची ती मिनिटे कुठे परत करू? तौबा अल्लाह कबूल करील. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो.