वयोगट : आठ ते ऐंशी

औषधाच्या बाटलीवर जसा डोस छापलेला असतो, तसा हल्ली पुस्तकाच्या पाठीवर वयोगट छापलेला असतो. 'वयोगट ६ ते ८', 'वयोगट ९ ते १२', आणि मग एकदम 'कुमारांसाठी'. कुमारांच्या पुढे काही छापत नाहीत. माणूस एकदा सोळा वर्षांचा झाला की पुढे तो काय वाचेल ते त्याचं नशीब, असं प्रकाशकांचं मत असावं.

मी या भानगडीत पडलो तो आमच्या वाचनालयामुळे. वाचनालय म्हणजे कॉलनीच्या हॉलमधली सात कपाटं, त्यांतल्या दोहोंच्या किल्ल्या हरवलेल्या. पुस्तकांची वयोगटानुसार मांडणी करावी, असा ठराव कार्यकारिणीने मध्यंतरी मंजूर केला. मी निवृत्त असल्यामुळे, आणि मुख्य म्हणजे त्या सभेला गैरहजर असल्यामुळे, ते काम एकमताने माझ्याकडे आलं.

पहिल्या दोन कपाटांना काही अडचण आली नाही. चित्रांची पुस्तकं खाली, कारण वाचक बुटके. शब्दकोश वर, कारण ते कोणीच काढत नाही. घोडं अडलं ते मालिकांपाशी. फास्टर फेणे कुठे ठेवायचा, सांगा? भा. रा. भागवतांनी तो मुलांसाठी लिहिला. फुरसुंगीचा बनेश फेणे, अंगाने काडी आणि सायकलवर बसला की वारा. म्हणजे कुमारांच्या कपाटात. सरळ आहे. पण देवघेवीचं रजिस्टर उघडून पाहिलं, तर गेल्या दोन वर्षांत फेणे घरी नेणाऱ्यांत कुमार तीन आणि निवृत्त बँक ऑफिसर पाच! त्यांतल्या एकाने शेरा लिहिला होता, 'नातवासाठी'. नातू शिकागोला असतो आणि त्याला मराठी वाचता येत नाही.

चिमणरावांची गत याहून वाईट. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवायचे. एवढ्या गंभीर विषयाच्या माणसाने हे चिमणराव आणि गुंड्याभाऊ कुठून पैदा केले कोण जाणे. दहाव्या वर्षी ते वाचताना माणूस गुंड्याभाऊच्या दांडगाईला हसतो. चाळिशीत चिमणरावांच्या फजितीला हसतो, पण जरा आवाज खाली ठेवून, कारण बायको शेजारीच असते. आणि साठी उलटली की हसणं कमी होतं आणि 'या काऊचं कसं होत असेल हो' असं मनात येतं. म्हणजे एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन कपाटांत ठेवायला हव्यात. आमच्याकडे प्रत एक, तीही मुखपृष्ठाविना.

चिटणीसबाईंनी आणखी एक पेच टाकला. "मालिका मुळात ठेवायच्याच कशाला? एक वाचलं की सगळी वाचल्यासारखीच. मुलांना सकस काहीतरी द्या." 'सकस' हा शब्द पूर्वी चाऱ्यासंबंधी वापरत, तो साहित्यात कधी शिरला ते तपासायला हवं. पण बाईंच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. फेणे काय, ताम्हनकरांचा गोट्या काय, किंवा बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार आणि काळा पहाड काय, पुस्तक उघडताना आपल्याला पक्कं ठाऊक असतं की नायक मरणार नाही. मग आपण वाचतो तरी कशाला? आणि ज्याचा शेवट ठाऊक आहे ते पुन्हापुन्हा मागणं हा मनाचा दुबळेपणा आहे की काय?

या प्रश्नावर मी दोन दिवस खरोखर विचार केला. (कपाटं तशीच उघडी होती.) मला आठवलं, चिटणीसबाईंच्या सासूबाई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. "आई, हा कालचाच आहे," असं त्यांना घरात कोणी म्हणत नाही. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं केली तर पुण्य. फेणे तिसऱ्यांदा वाचला तर वेळेचा अपव्यय! आता हरिपाठ आणि फेणे एका तराजूत घालू नयेत, हे मलाही कळतं. पण ओळखीच्या दारातून आत जाताना जो निवांतपणा मिळतो, तो दोन्हीकडे एकाच जातीचा असावा असा मला दाट संशय आहे. झोपताना मूल कालचीच गोष्ट मागतं. त्यात सशाच्या जागी हरिण घालून पाहा, उठून बसतं आणि तुम्हाला दुरुस्त करतं.

शिवाय मालिका ही काही छापखान्याची अवलाद नव्हे. पाली जातककथा ५४७. नायक एकच, बोधिसत्त्व. कधी माकड, कधी हरिण, कधी राजा, पण आतला माणूस तोच. आता बोला! आणि आमचा विक्रम-वेताळ? मुळात गोष्टी पंचवीस. पण 'चांदोबा'ने वेताळाला कित्येक दशकं झाडावरून उतरवलं आणि पुन्हा चढवलं. मला तर मालिकेचं यापेक्षा पक्कं यंत्र दुसरं ठाऊक नाही. राजाने उत्तर दिलं तर मौन मोडतं आणि प्रेत पुन्हा झाडावर. जाणूनबुजून गप्प बसला तर डोक्याची शकलं. म्हणजे पुढचा अंक येणारच. आणि वेताळ विचारायचा ते सगळे प्रश्न न्याय-अन्यायाचे. कोणाचा त्याग मोठा? खरा दोषी कोण? आमच्या पिढीला नीतिशास्त्र म्हणून जे काही मिळालं ते मुख्यतः एका प्रेताकडून मिळालं.

लेखक मंडळी मात्र आपल्याच नायकांना कंटाळतात. आर्थर कॉनन डॉइल यांना आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा अभिमान होता. लोक हात धुऊन शेरलॉक होम्सच्या मागे. शेवटी १८९३ साली त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या एका धबधब्यात ढकलून दिलं. लोक काही ऐकेनात, आणि १९०३ साली तो कपडेही न भिजता परत आला. अगाथा ख्रिस्तीबाई जास्त धोरणी. त्यांनी पॉयरोचा शेवट दुसऱ्या महायुद्धातच लिहून कुलुपात ठेवला आणि तो छापला १९७५ साली. तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पॉयरोची निधनवार्ता पहिल्या पानावर दिली होती. जो कधी जन्मलाच नाही, त्याची! अमेरिकेत तर न जन्मण्याचा मान लेखकांनाही मिळाला आहे. 'हार्डी बॉइज' १९२७ साली निघाली, 'नॅन्सी ड्रू' १९३० साली. मुखपृष्ठावर फ्रँकलिन डिक्सन आणि कॅरोलीन कीन. ही दोन माणसं अस्तित्वातच नव्हती. पगारी लेखक पुस्तकं लिहीत आणि कंपनी ती या नावांवर खपवी. ही फसवणूक झाली का? झाली. पण फसवणूक झाली ती मिल्ड्रेड वर्टसारख्या लेखिकांची, ज्यांचं नाव कित्येक वर्षं कोणाला कळलं नाही. वाचणाऱ्या पोरींना नॅन्सी हवी होती, ती त्यांना मिळाली.

वडीलधाऱ्यांचा विरोध तिकडेही होताच. बॉय स्काउट्सचे मुख्य ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ साली लेख लिहून ठणकावलं होतं की ही स्वस्त पुस्तकं मुलांच्या मेंदूच्या चिंधड्या उडवतात. मेंदू उडालेली ती मुलं पुढे मोठी झाली आणि त्यांनी आपल्या मुलांच्या हातातली पुस्तकं काढून घेतली.

वयोगटात काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या मुलाने आजोबांच्या उशाखालून नारायण धारपांची भयकथा लांबवली, तेव्हा पुढे पंधरा दिवस त्या घरात रात्रभर दिवा जळत होता. बंदोबस्त हवा तो तेवढ्यापुरता. आणि सगळ्याच मालिका जपून ठेवण्यासारख्या असतात असंही नाही. कित्येकांत पाचव्या भागापासून लेखक झोपेत लिहितो आहे हे स्वच्छ कळतं. पण तो निकाल वाचणाऱ्याने लावावा. मालिकेची ओळख तरी शिस्तीत कुठे होते? भाड्याच्या लायब्ररीत पहिला भाग नेहमी बाहेर गेलेला असायचा. आपण सातव्यापासून सुरुवात करायची, मग तिसरा, मग अकरावा. नायकाचा मित्र कोण, खलनायकाचा एक डोळा कधी गेला, हे ज्याचं त्याने जुळवायचं. मी सगळ्या मालिका एका कपाटात कमरेच्या उंचीवर ठेवल्या आणि वर पाटी लावली, 'मालिका'. मुलाला हात वर करून मिळतात, म्हाताऱ्याला वाकावं लागत नाही.

खरी अडचण कपाटाची नाहीच. अडचण लाजेची आहे. हॅरी पॉटर मोठी माणसंही वाचू लागली, तेव्हा विलायतेतल्या प्रकाशकाने १९९८ साली त्यांच्यासाठी वेगळं, गंभीर चेहऱ्याचं मुखपृष्ठ काढलं. आत तोच मजकूर. आगगाडीत साहेबाची अब्रू राहावी म्हणून! हे वाचून लोक हसले. मी हसलो नाही, कारण हीच सोय आमच्या मामांनी त्याच वर्षी घरच्या घरी केली होती.

मामा एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात गणित शिकवायचे. वर्गात बाकाखाली पुस्तक दिसलं की जप्त. सगळी बहुतेक अर्नाळकर. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा जप्तीला माल कमी पडत नसे. मामा हिशेबी. प्रत्येक पुस्तकावर इयत्ता, तुकडी, तास आणि तारीख घालून ते ट्रंकेत ठेवत. १९९८ साली काचबिंदूने त्यांची नजर गेली, आणि मी रविवारी त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागलो. नातेवाइकांनी परमार्थाची पुस्तकं आणून ढीग लावला होता. पहिल्याच रविवारी मामा म्हणाले, "दार लोटून घे आणि ती ट्रंक काढ."

पद्धत अशी ठरली : मांडीवर दासबोध उघडा, त्याच्या पोटात काळा पहाड. बेल वाजली की मी दासबोधावर उडी मारायची. त्यासाठी मला चार ओव्या पाठच कराव्या लागल्या. मामी आतून विचारायची, "अहो, समर्थांच्या वेळी पिस्तुलं होती का?"

एकदा मी मामांना विचारलं, "मामा, हे वाचणं वाईट नव्हतं, तर मुलांकडून काढून का घेतलंत?"

"भूमितीचा तास होता," मामा म्हणाले.

"पण मग तास संपल्यावर परत का नाही दिलीत?"

मामा बराच वेळ गप्प होते. "कोणी मागायला आलं नाही."

"तुम्हाला भीत होती मुलं."

"हो. तेच."

त्या दिवशी त्यांनी पुढे वाचू दिलं नाही. दोन रविवार ट्रंक काढायलाही सांगितलं नाही. दासबोधच वाचायला लावला, खरा.

त्यानंतर एकदा त्यांचे एक जुने विद्यार्थी भेटायला आले. पाटबंधारे खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, केस पिकलेले, हातात मोसंब्यांची पिशवी. मी बेल ऐकली नव्हती, त्यामुळे ट्रंक उघडीच होती. त्यांनी वाकून एक पुस्तक उचललं आणि पहिल्या पानाकडे बघत उभेच राहिले. 'इ. ९ वी ब, तास ४ था', साल १९६१.

"सर, हे माझं."

मामा म्हणाले, "घेऊन जा."

"पुस्तक नको, सर. आता लाज वाटते घरी. शेवट तेवढा सांगा. दोन प्रकरणं राहिली होती."

आणि मामांनी सांगितलं. फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं. प्रथम दिलेल्या गोष्टी, मग सिद्ध करायच्या गोष्टी. समजा डॉक्टर खुनी आहे. तर साडेनऊ वाजता तो दोन ठिकाणी होता असं निष्पन्न होतं, जे अशक्य. म्हणून डॉक्टर खुनी नाही. इंजिनिअर खुर्चीच्या कडेवर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते.

"म्हणजे डॉक्टर नव्हता?" ते म्हणाले. "सर, मी सदतीस वर्षं त्या डॉक्टरलाच धरून बसलो होतो."

मग मामांनी विचारलं, "पुस्तक कोणाचं होतं रे?"

"लायब्ररीचं. दीड रुपया भरपाई भरली. वडिलांनी फोडूनही काढलं."

"त्या फोडण्याचं आता माझ्या हातात काही नाही," मामा म्हणाले. "दीड रुपयाचं आहे. सदतीस वर्षं, सहा टक्के, चक्रवाढ." त्यांना लॉगॅरिथम तोंडपाठ होते. क्षणभर ओठ हलले. "बारा रुपये पंच्याण्णव पैसे. अगं, तेरा रुपये आण बाहेर."

मामीने पैसे आणून दिले. इंजिनिअरसाहेबांनी ते घेतले, खिशातून पाच पैशांचं नाणं शोधून काढलं आणि मामांच्या तळहातावर ठेवलं. मामांनी बोटांनी चाचपून ते पाचाचंच असल्याची खात्री करून घेतली.