मूल आणि मोजपट्टी

मुलाची उंची भिंतीवर रेघ ओढून मोजतांना घरांत कौतुक असतें. पण तिसऱ्या वर्षींही आधारावांचून न बसणाऱ्या मुलापुढें कोणी तज्ज्ञ कागद-पेन्सिल घेऊन बसला, कीं आईच्या काळजांत चर्र होतें. सेरेब्रल पाल्सी या विकारांत वाढत्या मेंदूस इजा पोंचल्यामुळें, किंवा त्याची घडणच बिघडल्यामुळें, अवयवांवरील ताबा उणा पडतो. अशा मुलास गुण द्यावेत काय, हा प्रश्न आम्हांस वैद्यकाइतकाच नीतीचाही वाटतो.

कॅनडांत तयार होऊन १९८९ सालीं प्रसिद्ध झालेली एक परीक्षा यासाठीं प्रमाण मानली जाते. तींत कुशीवर वळण्यापासून उडी मारण्यापर्यंत ८८ कृती आहेत. निकोप मुलाला पांचव्या वर्षापर्यंत त्या साऱ्या साधतात. कृतीचा आरंभच झाला नाहीं तर शून्य, नुसता आरंभ झाला तर एक, अर्धीमुर्धी झाली तर दोन, पुरी झाली तर तीन. तीन वेळां करून पाहण्याची मुभा असते, व त्यांतील उत्तम तोच गुण धरतात. यांतला 'एक' आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपल्या शाळांतील परीक्षकांना तो खचित सुचला नसता! अंग वळूं लागलें, पुरतें वळलें नाहीं. तरी वळूं लागलें, याची येथें नोंद होते. शिवाय ही परीक्षा शेजारच्या मुलाशीं बरोबरी लावण्याकरितां नव्हे, तर त्याच मुलांत काळानुसार पडलेला फरक पाहण्याकरितां रचलेली आहे.

१९९७ सालीं या मुलांच्या पांच पायऱ्या ठरविण्यांत आल्या. तेथें प्रश्न निराळा आहे: मूल फार तर काय करूं शकतें हें नव्हे, तर घरींदारीं नेहमीं काय करतें, हा. खरी मेख येथेंच आहे. परीक्षेच्या दालनांत बांक धरून चार पावलें टाकणारें मूल घरीं कडेवरच असतें. कारण शाळेची वेळ झालेली असते, न्हाणीघराचा उंबरठा उंच असतो, आणि नातवाची धडपड आजीला पाहवत नाहीं. ही माया आहे, तिला दोष कोण देईल? परंतु हें अंतर मुलाच्या देहाचें उणें म्हणून लिहिणें अन्यायाचें होय. मग त्याला दिवसभर चालवावें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तेंही पटत नाहीं. चाकांच्या खुर्चींतून जें मूल खेळापर्यंत वेळेवर पोंचतें, तें खेळूं तर लागतें!

२००२ सालीं ऑन्टारिओंतील ६५७ मुलांच्या अभ्यासावरून असें दिसलें, कीं अशा हालचालींतील बहुतेक प्रगति पांचव्या वर्षाच्या सुमारास होऊन जाते. विकार तीव्र असल्यास त्याहूनही लवकर. हें आईबापांना सांगावें काय? दयेपोटीं मौन धरणारे डॉक्टर असतात. आमच्या मतें सांगावें; कारण त्या मौनाच्या पोकळींत नवससायास आणि हमखास गुणाच्या जाहिराती शिरतात, व मोलाचीं वर्षें निघून जातात. मात्र त्या रेषा पुष्कळ मुलांच्या सरासरीच्या आहेत, एखादें मूल त्यांच्या वर वा खालीं असूं शकतें, आणि बुद्धीविषयीं त्या अवाक्षरही काढीत नाहींत, हेंही त्याच बैठकींत सांगावें. आणि गुणांचा तो कागद कपाटांत न ठेवतां आईच्या हातीं द्यावा. शून्यांच्या गर्दींतले 'एक' तिला स्वतः मोजतां आले पाहिजेत.